स्कूल बसची नोकरी: १९ हजार पगार, पण दहाच महिने. धायरीत राहून परवडेल का?

धायरीफाटा

नमस्कार मंडळी. हिशोब मांडतो, कुठे चुकत असेल तर सांगा.

मी मूळचा वेल्ह्याकडचा, आता धायरीत भाड्याने राहतो. हेवी लायसन आहे. आधी हिंजवडीत कंपन्यांच्या स्टाफ बसवर होतो. लॉकडाऊनमध्ये ते काम गेलं, तेव्हापासून नऱ्ह्यात एका हार्डवेअरवाल्याचा टेम्पो चालवतो. पगार १६,५००, बाराही महिने, आणि दिवाळीला एक पगार वर. पण माल उतरवायचं कामही माझ्याच अंगावर. टाइल्सचे बॉक्स, सिमेंटच्या गोण्या. कंबर धरलीय. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून बजावलंय.

आता बाणेरच्या एका शाळेला गाड्या पुरवणाऱ्या ठेकेदाराने बोलावलंय. ३२ सीटर, पगार १९,०००. शाळा चालू तेवढाच पगार, म्हणजे दहा महिने. दिवाळीच्या सुट्टीचे पैसे कापणार नाही म्हणाला, पण तोंडी. वर्षाचे झाले १,९०,०००. टेम्पोचे होतात १,९८,०००, दिवाळीचा पगार न धरता. बाराने भागलं तर बसचे महिन्याला १५,८०० च्या थोडे वर पडतात. शिवाय यार्ड सूसला. पहाटे पावणेपाचला निघायचं, नवले पूल, वारजे, चांदणी चौक करत जायचं. बाइकच्या पेट्रोलला १,९०० धरले, तर हातात राहतात चौदा हजारांच्या आत.

घराचं सांगतो. भाडं ९,५००, लाईट बिल आणि सिलेंडर मिळून १,८००, किराणा-भाजी ६,०००, दूध १,८००, गावाकडे आईच्या औषधांना १,५००. दोन मुलांच्या फी, वह्या, रिक्षा वेगळ्या. बायको नऱ्ह्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते, तिचे नऊ हजार येतात म्हणून महिना निघतो. जूनमध्ये दोन्ही पोरांची फी आणि पुस्तकं एकदम येतात, आणि नेमका त्याच्या आधी माझा पगार बंद असणार.

सकाळची फेरी साडेआठला संपते, दुपारची साडेबाराला सुरू होते. मधल्या वेळात धायरीला येऊन परत जाणं शक्य नाही. म्हणजे काम सात तासांचं आणि घराबाहेर बारा तास.

तरी मन ओढतंय. गोण्या उचलणं बंद होईल, रविवार घरी मिळेल, आणि लहान मुलांना नेण्या-आणण्याचं काम मला मनापासून आवडेल. कोणी करत असाल तर सांगा, मे-जून कसा काढता? ठेकेदाराकडे काय मागू?

पिवळीगाडी

दादा, पहिला प्रश्न, १९ हजार हातात की कागदावर? पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), प्रोफेशनल टॅक्स कापून हातात किती ते विचार. आमच्याकडे एकाला अठरा सांगितले आणि हातात साडेपंधरा आले. ठेकेदाराने स्वतःचा वाटाही त्याच्याच पगारातून घेतला होता. तसं घेता येत नाही.

दुसरं, आणि तुझ्यासाठी हेच महत्त्वाचं: गाडी घरी लावायला मिळते का? पुण्यात निम्मे ड्रायव्हर यावरच तगून आहेत. सिंहगड रोड, वडगाव, वारजे या बाजूची मुलं बाणेरला जाणारी असतील तर तो रूट माग. पहिला स्टॉपच तुझ्या घराजवळ येतो. पेट्रोल वाचतं, पहाटेची तासभर झोप वाचते. यार्डात गाडी लावून बाइकने धायरीला येणं एकदा पावसाळ्यात करून बघ, दुसऱ्या वर्षी नोकरी सोडशील. मी कात्रजहून वाघोलीला जायचो, मी सोडली.

मे महिन्यात मी लग्नाच्या बसवर जातो. सीझन चांगला असेल तर पगाराच्या वर सुटतात, पण रात्र-रात्र गाडी आणि जेवणाचा पत्ता नाही. त्यावर घर चालेल असं धरून चालू नकोस.

बाणेरची_आई

हे वाचून मन अस्वस्थ झालं. माझा मुलगा चौथीत आहे, आम्ही बसचे महिन्याला ३,४०० भरतो आणि अकरा महिन्यांचे भरतो. पालकसभेत कारण सांगितलं होतं की सुट्टीतही ड्रायव्हरकाका आणि मदतनीस मावशींचे पगार द्यावे लागतात. आमचे काका मे महिन्यात कोणाची तरी कार चालवायला जातात हे मला मुलाकडून कळलं.

२०११ च्या राज्याच्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते. मुख्याध्यापक अध्यक्ष, त्यात पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी असतो, आरटीओ आणि वाहतूक पोलिसही असतात. आमच्या समितीत आजवर जीपीएस, कॅमेरे आणि फीवाढ एवढ्यावरच बोलणं झालं. पुढच्या बैठकीत मी लेखी विचारणार आहे की अकराव्या महिन्याचे पैसे कोणाला मिळतात. दादा, तुम्ही ज्या शाळेचं म्हणताय तिथेही ही समिती असणारच. तिथल्या एखाद्या पालकाला गाठा.

मधल्या वेळात झोपायला जागा आहे का हेही विचारा. पहाटे चारला उठलेला माणूस दुपारी दोनला आमची पोरं घेऊन निघतो. त्याची झोप झालेली असणं हा पोरांच्या सुरक्षेचा पहिला मुद्दा आहे, कॅमेरा त्याच्या नंतर.

मदतनीस_ताई

भाऊ, मी याच कामात आहे, कोथरूडला. मुली असल्या की बसमध्ये बाईमाणूस ठेवावंच लागतं म्हणून आम्हाला ठेवतात, पगार ९,०००, तोही दहा महिने. मधल्या चार तासांत बसायला जागा नाही, शाळेचं टॉयलेट वापरू देत नाहीत. तुम्ही बोलणी करायला जाल तेव्हा तुमच्या गाडीवरच्या ताईचं पण विचारा. ड्रायव्हरचं ऐकतात, आमचं ऐकत नाहीत.

वाकडेवाडी

कामगारांच्या केसेस बघतो, म्हणून थोडं लिहितो. ठेकेदाराकडे २० किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ लागतो, १० किंवा जास्त असतील तर ईएसआय. ईएसआयला पगाराची मर्यादा २१,०००, म्हणजे तुम्ही त्यात बसता. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के, १९ हजारांवर १४३ रुपये. मालकाचे ३.२५ टक्के वेगळे. कंबरेचं दुखणं असताना हे कार्ड लाखमोलाचं आहे, बिबवेवाडीच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये बायको, मुलं, आई सगळ्यांचं होतं. पीएफ भरला जातोय का ते दर महिन्याला उमंग ॲपवर पासबुकात बघा. नसेल तर गोळीबार मैदानाजवळच्या पीएफ ऑफिसात तक्रार करता येते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे. दिवाळीच्या सुट्टीचा पगार, मेचा पगार, गाडीला ओरखडा आला तर किती कापणार, सगळं त्यात लिहून घ्या. ‘तोंडी’ला पुढे कोणी विचारत नाही.

धायरीफाटा

सगळ्यांचे आभार. काल ठेकेदाराला भेटून आलो. बारा महिन्यांचा पगार नाही म्हणाला. बरंच बोलल्यावर मे-जूनला अर्धा पगार कबूल केला, अट अशी की त्या काळात गाड्यांचं पासिंग आणि मेंटेनन्सला हजर राहायचं. म्हणजे वर्षाचे २,०९,००० होतात. पीएफ-ईएसआय दोन्ही आहेत, माझा वाटा कापून हातात साधारण सतरा येतील. नियुक्तीपत्र देतो म्हणाला. मदतनीस ताईंचं विचारलं, त्यावर ‘बघू’ एवढंच म्हणाला. मी परत विचारणार.

वारज्याहून निघणारा रूट जूनपासून नवा सुरू होतोय, त्यावर गाडी धायरीत लावू देईल. मी तो रूट मागितलाय. तो मिळाला आणि कागद हातात आला तर टेम्पोच्या शेठना महिनाभर आधी सांगून जाणार. सूसच्या यार्डाचा रूट दिला तर नाही जाणार, बायकोशी बोलून तसं ठरवलंय.

पिवळीगाडी

चांगलं केलंस. फक्त धायरीत गाडी रात्री लावणार कुठे ते आत्ताच बघून ठेव. रस्त्याकडेला लावलीस तर दंडाची पावती येते, आणि डिझेल चोरीला गेलं तर ठेकेदार तुझ्या पगारातून कापेल. मोकळ्या प्लॉटवाल्याला महिन्याचे हजार-पंधराशे द्यावे लागतील, ते ठेकेदाराने द्यायचे हेही पत्रात घाल. आणि रात्री गाडीला काही झालं तर जबाबदारी कोणाची, ते सही करायच्या आधी विचार.