माइनस्वीपरचं ते लाल आकड्यांचं घड्याळ : तुमचे अनुभव लिहा

रानमोगरा :
भाचीने परवा फोनवर माइनस्वीपर (आकड्यांवरून लपलेले सुरुंग ओळखून बाकीची घरं उघडायचा तो खेळ) घेतला आणि विचारलं, "मावशी, यात पॉइंट्स कुठे दिसतात?" म्हटलं, पॉइंट्स नसतातच गं, उजवीकडचं घड्याळ हाच स्कोअर. तिला पटेना. मला मात्र एकदम कॉलेजची कॉम्प्युटर लॅब आठवली. डावीकडे उरलेले सुरुंग, मधे पिवळा चेहरा, उजवीकडे सेकंद. पहिली क्लिक केली की घड्याळ सुरू, ते ९९९ला जाऊन थांबायचं. बेस्ट टाइम्सच्या यादीत बिगिनर, इंटरमिजिएट, एक्सपर्ट या तिन्ही लेव्हलपुढे आधीपासूनच ९९९ आणि 'अ‍ॅनॉनिमस' असायचं. ते घालवून आपलं नाव लावायला आमची सगळी धडपड! खिडकीजवळच्या मशीनवर एक्सपर्टला कुणा 'एसके'ने १४१ सेकंद लावून ठेवले होते. हा एसके कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण अख्खी बॅच त्याच्याशी खेळायची. समोर माणूस नसताना चुरस लागते ती या घड्याळामुळे, असं मला मनापासून वाटतं. एक्सपर्ट म्हणजे ३० बाय १६ घरं, ९९ सुरुंग, सगळ्यांना सारखेच. वादाला जागाच नाही. तुम्ही घड्याळ लावून कुठली कोडी सोडवलीत? लिहा.

घाटमाथा :
एसके!! आमच्याकडे 'व्हीजेपी' होता. बिगिनर ४ सेकंद. पण बिगिनरला नशीब लागतं, एका क्लिकला अर्धं अंगण उघडलं तरच. खरी परीक्षा इंटरमिजिएट, ४० सुरुंगांची. उघडलेल्या घरातला आकडा म्हणजे त्याला चिकटून किती सुरुंग ते; सरळ रांगेत १-२-१ दिसलं की दोन्ही एकांसमोर सुरुंग, दोनसमोर मोकळं. हे हाताला न विचारता कळायला लागलं तेव्हा माझे भरपूर सेकंद वाचले. आणि सुरुंगाच्या घरावर खूण म्हणून ऊठसूट झेंडे लावणं सोडलं तेव्हा आणखी.

सांगलीचा_बंडू :
झेंड्याशिवाय? मग आकड्यावर माउसची दोन्ही बटणं एकदम दाबून आजूबाजूचं उघडायची सोय गेली की. मी तर त्यावरच जगायचो.

घाटमाथा :
@बंडू, बरोबर, पण प्रत्येक झेंडा म्हणजे एक जादा क्लिक. जिथे त्या झेंड्याने चार घरं एकदम उघडतात तिथेच लावायचा.

मंजूषा_के :
घाईत लिहितेय, गॅसवर दूध आहे. आमच्या बँकेत सॉलिटेअर, तेही टाइम्ड. दर १० सेकंदांना २ गुण वजा, आणि शेवटी बोनस म्हणजे ७,००,००० भागिले लागलेले सेकंद. वसुली विभागातल्या एका मॅडमनी कागदावर मांडून दाखवलं होतं : २०० सेकंदांत संपवलं तर ३५००, १०० सेकंदांत ७०००. पत्ते लावायचे गुण शेकड्यांत, बोनस हजारांत. म्हणजे नाव पत्त्यांचं, खेळ सगळा घड्याळाचा. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्याजणी... दूध!! येते.

नी_ला :
बाबांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा उजव्या हाताची बोटं वळेनात. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी बारीक हालचाली करायला सांगितल्या, मणी ओवा, बटणं लावा. बाबांना त्याचा भयंकर कंटाळा. भावाने जुना डेस्कटॉप पलंगाशेजारी मांडला आणि बिगिनर उघडून दिला. सुरुवातीला ९९९ होऊन जायचे तरी डाव संपायचा नाही. मग हळूहळू ६००च्या आत आले, मग ३००. आई वहीच्या मागच्या पानांवर तारखेसकट सेकंद लिहायची. डॉक्टरांनीही फाइलसोबत ती वही नीट वाचली. "आज हात कसा आहे?" याला बाबांकडे उत्तर म्हणून आकडा असायचा. त्या घड्याळावर माझी फार माया आहे.

सांगलीचा_बंडू :
काकांना नमस्कार सांग गं. आता कसे आहेत?

नी_ला :
स्वतःच्या हाताने जेवतात, सही करतात. बिगिनर ४०च्या आत :)

रानमोगरा :
नीला, वाचून फार बरं वाटलं. आईंनाही नमस्कार, वहीसाठी.

दुपारची_झोप :
माझं मत वेगळं आहे. सुडोकूला घड्याळ लावलं की मी अंदाज मारायला लागते. तर्काच्या खेळात अंदाज मला सहन होत नाही. मी वेळ झाकून ठेवते.

घाटमाथा :
सुडोकूपुरतं मान्य. पण माइनस्वीपरला कधीकधी इलाजच नसतो. कोपऱ्यात दोन घरं, एक सुरुंग, माहिती संपली. तिथे घुटमळून सेकंद घालवायचे नाहीत, एक दाबून मोकळं व्हायचं.

वाकडचा_बाबा :
लेक रुबिक क्यूबच्या स्पर्धांना जाते. आधी पाहून घ्यायला १५ सेकंद, ८ला आणि १२ला परीक्षक हाक देतात. दोन्ही हात टायमरवर, उचलले की सुरू, परत टेकवले की बंद. पाचदा सोडवायचा, सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट वेळ सोडून उरलेल्या तिन्हींची सरासरी. शेवटी एक वळण राहिलं तर वेळेत २ सेकंदांची भर. १९८२ला बुडापेस्टमधली जागतिक स्पर्धा मिन्ह थायने २२.९५ सेकंदांत जिंकली होती, आता शाळकरी पोरं १०च्या आत सोडवतात. लेकीला सांगितलं तर म्हणाली, "बाबा, तेव्हाचे क्यूब एवढे सरसर फिरायचे नाहीत." तेही खरंच.

पोळपाट :
आम्ही पेपरातल्या सुडोकूची झेरॉक्स काढतो, एक अहोंना एक मला. मोबाइल नको म्हणून कुकर लावायचा. तिसऱ्या शिट्टीच्या आत जो संपवेल तो जिंकला, भांडी दुसऱ्याकडे. या महिन्यात मी भांडी जवळजवळ घासलीच नाहीत!

मंजूषा_के :
दूध वाचलं. पोळपाट, तीन शिट्ट्यांत तूरडाळ शिजते तुमच्याकडे? माझी कच्चट राहते.

पोळपाट :
अर्धा तास भिजवा, हिंग-हळद आणि तेलाचा थेंब घाला. हरभरा डाळ असेल त्या दिवशी आम्ही अवघड सुडोकू घेतो.

सांगलीचा_बंडू :
वाकडचे बाबा, तो हात ठेवायचा टायमर घरी सरावाला लागतोच का? भाचा मागे लागलाय.

वाकडचा_बाबा :
लगेच नको. फोनवरचं टायमर अ‍ॅप पुरतं, स्क्रीनवरून बोट उचललं की सुरू होतं. स्पर्धेला नाव घातलंत की मग घ्या.