मदत हवी आहे: डॉकसमोरचं काँक्रीट परत फुटलं, वरून काय मारू?

चाकणवाला: नमस्कार मंडळी, चाकणला आपलं युनिट आहे, लोडिंग डॉकसमोर (माल चढवा-उतरवायचा ओटा) गाड्या रिव्हर्स लागतात तिथलं काँक्रीट परत फुटलंय. मागे पॅच मारला होता तो एका पावसाळ्यात उखडला. मटेरियल एम३० (काँक्रीटची ग्रेड, आकडा जितका मोठा तितकं मजबूत) होतं, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो तुमच्या गाड्या ओव्हरलोड असतात त्याला मी काय करू. वरून मारायचं चांगलं केमिकल किंवा ग्राउट (फटीत भरायचं पातळ मिश्रण) सुचवा. दिवाळीआधी उरकायचंय, डिस्पॅच बंद ठेवता येणार नाही. प्लीज लवकर.

जुना_साइटवाला: जाडी किती? खाली काय आहे? जॉइंट (दोन स्लॅबमधली फट) किती अंतरावर, डॉवेल (दोन स्लॅब जोडणाऱ्या लोखंडी सळ्या) आहेत का? फुटलंय नक्की कुठे? काहीच न सांगता औषध मागताय.

चाकणवाला: जाडी नेहमीचीच हो, ६ इंच. खाली सोलिंग (दगडांचा थर). बाकीचं कॉन्ट्रॅक्टरला माहीत. केमिकलचं सांगा ना.

भोसरी_फ्लोअरिंग: ट्रायमिक्स (ओल्या काँक्रीटमधलं पाणी व्हॅक्यूमनं खेचायची पद्धत) करून टाका, विषय संपला. आम्ही भोसरीत कितीतरी शेड केल्यात, वर हार्डनर (पृष्ठभाग कडक करणारी पावडर) मारायचा, वर्षानुवर्षं बघायला नको.

जुना_साइटवाला: ट्रायमिक्सनं जास्तीचं पाणी खेचलं जातं, वरचा थर घट्ट होतो, झीज कमी होते, सगळं मान्य. पण स्लॅब खालूनच पोकळ झाला असेल तर वरचा थर कितीही घट्ट करा, मोडायचा तो मोडणारच. शेडच्या आत फोर्कलिफ्ट फिरते आणि बाहेर भरलेला ट्रेलर, एकाच मापात कसं मोजता?

भोसरी_फ्लोअरिंग: बाहेरही केलंय साहेब. फोटो टाकू का?

पेव्हरप्रेमी: काँक्रीटच्या नादी लागूच नका. पेव्हर (सिमेंटचे इंटरलॉक ब्लॉक) टाका, खचलं की उचला, खाली ग्रिट (बारीक खडी) भरा, परत बसवा. डिस्पॅच एक दिवसही थांबत नाही.

रांजणगाव_लॉजिस्टिक्स: रिव्हर्स घेताना ड्रायव्हर जागच्या जागी स्टिअरिंग पिळतो तेव्हा पेव्हर सरकतात, आमच्याकडे पूर्ण लाइन वाकडी झाली होती. टाकायचेच तर जड गाडीचे एम५० आणि १०० एमएमचे घ्या, पार्किंगचे ६० एमएमचे नकोत. आणि ट्रेलर सोडून घोडा (ओढणारं इंजिन-केबिन) निघून जातो तेव्हा पुढचं सगळं वजन ट्रेलरच्या त्या दोन पायांवर येतं, तिथे पेव्हर खचलाच समजा. आम्ही पायाखाली लोखंडी प्लेट ठेवतो.

सिंहगडरोडकर: आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चेकर्ड टाइल्स लावल्यात, छान दिसतात, पण पावसात घसरतात. कोणाला अँटीस्किडचा अनुभव?

जुना_साइटवाला: चाकणवाला, परत विचारतो, फुटलंय कुठे? मधोमध, का जॉइंटला?

चाकणवाला: डॉकपासून पहिल्या जॉइंटला. गाडी गेली की तो तुकडा हलतो आणि फटीतून चिखलाचं पाणी उडतं. पण ते पावसाळ्यातच.

जुना_साइटवाला: अहो हे आधी सांगायचं ना! पाणी जॉइंटमधून खाली जातं, चाक आलं की दाबानं माती घेऊन वर येतं, आणि स्लॅबची कड हळूहळू अधांतरी होते. हातोडी मारून बघा, भदभद आवाज येईल. शेडच्या पत्र्याचं पाणी कुठे उतरतं?

चाकणवाला: तिथेच, कोपऱ्यात डाऊनटेक (पत्र्याचं पाणी खाली आणणारा पाइप) आहे. आणि शेडच्या फाउंडेशनची निघालेली काळी माती तिथल्या खड्ड्यात ढकलली होती, म्हणजे जागा भरावाची आहे. त्याचा काही संबंध?

रांजणगाव_लॉजिस्टिक्स: संबंध?? 😄

जुना_साइटवाला: काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यात तुम्ही वरून पत्र्याचं पाणी सोडताय. ओव्हरलोडचं म्हणाल तर २०१८ पासून चार टायरच्या एक्सलला कायद्यानंच १०.२ ऐवजी ११.५ टन चालतात, तेवढं तर धरायलाच पाहिजे. आधी डाऊनटेक वळवा. मग ती फुटलेली पॅनेल (दोन जॉइंटमधले स्लॅबचे तुकडे) काढा, काळी माती निदान २-३ फूट उपसा, चांगला मुरूम थराथरानं पाणी मारून रोलरनं दाबा, वर जीएसबी (खडी-मुरमाचा दाबलेला थर), मग पीसीसी (साधं, बिनसळईचं काँक्रीट), प्लास्टिक शीट, आणि २५० एमएम एम४०. जॉइंट साडेचार मीटरवर, ३२ एमएमचे डॉवेल ३०० एमएम अंतरानं, एका बाजूला स्लीव्ह (सळी आत सरकेल अशी नळी) घालून, नाहीतर दोन्हीकडून जाम होऊन तिसरीकडेच तडा जातो. ग्रूव्ह (जॉइंटसाठी वरून कापायची खाच) जाडीच्या पाव ते तिसरा हिस्सा खोल, आणि काँक्रीट कापण्याइतपत कडक झालं की कटर लगेच लावा, दुसऱ्या दिवशी दुपारी नाही. डॉकच्या भिंतीला चिकटवून ओतू नका, मधे फोम पट्टी. उतार भिंतीपासून बाहेर, शक्य नसेल तर भिंतीलगत जाळीची गटार.

पेव्हरप्रेमी: एवढ्या खर्चात दोनदा पेव्हर होतील.

जुना_साइटवाला: होतील की, आणि दोनदाच करावे लागतील.

मोशीकर: काँक्रीट आरएमसीचं (प्लांटवर तयार होऊन मिक्सर गाडीनं येणारं) मागवणार असाल तर पहाटे मागवा. तळेगाव चाकण रोडला गाडी अडकली की माल घट्ट होतो आणि ड्रायव्हर साइटवर बिनधास्त पाणी सोडतो, मग एम४०चं चलन हातात आणि जमिनीत भलतंच. त्या रोडचं रुंदीकरण कधी व्हायचं ते देवालाच ठाऊक.

रांजणगाव_लॉजिस्टिक्स: रोज संध्याकाळी तोच तमाशा. मेट्रो नेणार म्हणे चाकणला.

चाकणवाला: मेट्रो राहू द्या हो. तीन डॉक आहेत, सगळे बंद नाही ठेवू शकत. गाड्या किती दिवसांनी लावू?

जुना_साइटवाला: एकावेळी एकच डॉक घ्या. पीपीसी (फ्लाय ॲश मिसळलेलं) सिमेंट असेल तर क्युरिंग निदान १० दिवस, गोणपाट सतत ओलं ठेवून. भरलेल्या गाड्या २८ दिवसांनी. घाई असेल तर क्यूब टेस्टचा (त्याच काँक्रीटचे ठोकळे दाबून मजबुती तपासतात) रिपोर्ट बघून ठरवा, कॉन्ट्रॅक्टरच्या तोंडावर नाही.

भोसरी_फ्लोअरिंग: आम्ही ७ दिवसांत सोडतो गाड्या.

रांजणगाव_लॉजिस्टिक्स: कळलं आता आमच्या आधीच्या फरशीचं काय झालं ते.

चाकणवाला: बरं. पाइप या आठवड्यात वळवतो, तिसरा डॉक आधी घेतो. चाकणमध्ये खात्रीचा जेसीबीवाला असेल तर व्यनि (खाजगी मेसेज) करा.

जुना_साइटवाला: जेसीबी लगेच घालू नका. आधी कटरनं चारी कडा पूर्ण जाडीपर्यंत कापून घ्या, नाहीतर उचकटताना शेजारचं चांगलं पॅनेलही जाईल.