मदत हवी आहे: हळदीच्या पेवावर भयपटाची पहिली दोन मिनिटं

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा प्रोजेक्टला भयपटाची सुरुवात करायची आहे. फक्त सुरुवात, नावांसकट दोन मिनिटं. स्टोरीबोर्ड आणि शॉट लिस्ट आधी दाखवायची, आवाज सगळा स्वतः रेकॉर्ड केलेला हवा. आम्ही चौघं आहोत. कॉलेजचा एक कॅमेरा, ५० मिमीची लेन्स, ट्रायपॉड आणि माझा मोबाईल, एवढंच सामान.

पहिल्या बैठकीत वडाचं झाड, पांढरी साडी आणि पैंजण निघाले. मला त्यातल्या कशाचीच भीती वाटेना. मग लहानपणी मी ज्याला खरोखर घाबरायचे ते सांगितलं, आणि बाकीचे तिघं गप्पच झाले. पेव.

सांगलीबाहेरच्यांसाठी सांगते. हरिपूर हे कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव, सांगलीला अगदी लागून. तिथे हळद साठवायला जमिनीत पेवं खणायचे. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत खोल, घागरीसारखं पोट. हळद भरली की तोंड बंद करून वर माती. आत ताजी हवा जात नाही, त्यामुळे कीड लागत नसे आणि माल वर्षानुवर्षं टिकायचा. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरलं आणि ती कायमची गेली.

माझे आज्जा पेवावर हमाली करायचे. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. तोंड उघडं टाकून थांबायचं, मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. पेटता राहिला तर माणूस उतरणार. विझला तर उतरलेला माणूस वर येत नाही. आज्जा हे मला परड्यातल्या आडावर करून दाखवायचे. दोर मुठीत धरायचे नाहीत, दोन बोटांत धरायचे, आणि त्या वेळात एक शब्द बोलायचे नाहीत. ज्योत बुटकी व्हायला लागली की त्यांचा अंगठा दोरावर दाबला जायचा. तेवढंच. "उजेड गेला की आपुन बी जायचं न्हाई," म्हणायचे.

आमची सुरुवात अशी आहे: कातरवेळ, दोन माणसं, उघडं पेव. कंदील खाली जातो आणि विझतो. माणूस दोर ओढतो. कंदील वर येतो तो पेटलेला. तिथे सिनेमाचं नाव.

मागच्या रविवारी चाचणी घेतली आणि पार फसली. मुंबईच्या मैत्रिणीला तुकडा पाठवला तर तिने विचारलं, "वाऱ्याने विझला का?" तिला भीती वाटलीच नाही, कारण कंदील विझणं म्हणजे काय हे तिला माहीतच नव्हतं. माझा मुख्य प्रश्न हाच आहे. सांगलीबाहेरच्या माणसाला हा नियम एका मिनिटात, पात्रांच्या तोंडी माहिती न घालता कसा कळवायचा? सर म्हणतात, सुरुवातीला पाटी टाक, म्हणजे पडद्यावर लिहूनच सांग. मला पाटी नको आहे.

बाकीच्या अडचणी: रात्री आठला शूट केलं, सगळं चित्र मुंग्या आल्यासारखं दिसतंय. कंदील हवा तेव्हा विझत नाही, फुंकला की फुंकलेला कळतो. आणि आमच्यातला एक जण म्हणतोय की मी मोबाईल घेऊन पेवात उतरतो, खालून तोंडाकडे बघणारा शॉट मिळेल. मला ते पटत नाही, पण शॉट भारी होईल हेही खरं.

कृष्णाकाठ

आधी शेवटच्याचं बोलतो. पेवात कुणीही उतरायचं नाही, रिकाम्या पेवातसुद्धा. जुन्या बंद पेवात प्राणवायू संपलेला असतो, कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड म्हणून तळाशी साचतो. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. कंदील पेटता राहिला म्हणजे आत सगळं ठीक, असंही नाही. विषारी वायूचा ज्योतीला पत्ता लागत नाही. पेवाच्या काठावर ओणवं होऊन वाकायचं नाही, हेही चौघांना सांगून ठेवा.

खालून वर बघणारा शॉट जमिनीवर होतो. पत्र्याचं तळ काढलेलं पिंप घ्या, आतून ओला चिखल आणि शेण लिंपा, आडवं ठेवा. एका टोकाला कॅमेरा, दुसऱ्या टोकापलीकडे आभाळाऐवजी ताणलेली पांढरी चादर, मागून उजेड. आडवं की उभं, हे पडद्यावर कुणाला कळत नाही.

माळरान

ताई, तुमच्या मैत्रिणीने फार कामाचं सांगितलंय. नियम मोडलेला दाखवायचा तर तो आधी पाळलेला दाखवावा लागतो. म्हणून दोन पेवं घ्या. पहिल्यात कंदील जातो, पेटलेला वर येतो, आणि एक माणूस काहीही न बोलता कमरेला दोर बांधून उतरायला लागतो. दुसऱ्यात कंदील विझतो. तोच माणूस कमरेचा दोर सोडतो आणि दोन पावलं मागे सरतो. झालं, नियम कळला. मग पेटलेला कंदील वर आला की प्रेक्षक आपणहून घाबरेल. पाटीची गरज नाही.

वारा वाटू नये म्हणून विझायच्या आधीच्या शॉटमध्ये काहीतरी अगदी स्थिर दिसू द्या. काठावरचा हळदीचा वाळका पाला चालेल. पान हलत नाही आणि ज्योत मरतेय.

आणि तुमच्या आज्जांचा अंगठा. तो नुसता सांगून सोडू नका. ५० मिमीने जवळून घ्या. विझणारी ज्योत दाखवूच नका, फक्त अंगठा आणि त्यावरून हळूहळू जाणारा उजेड.

कृष्णाकाठ

वरचं दोन पेवांचं बरोबर आहे. कंदिलाचं सांगतो. फुंकू नका, त्याची हवा बंद करा. वर धूर जातो ती टोपी आणि खालची हवेची भोकं ओल्या फडक्याने झाका. ज्योत बारीक होत होत आपोआप जाते, पेवात जशी जाते तशीच, दोन्हीकडे कारण एकच. काच तापलेली असते, जाड फडकं घ्या.

पेटलेला वर येणारा कंदील उलटा घ्या. म्हणजे पेटता कंदील सावकाश खाली सोडायचा आणि एडिटिंगला तो शॉट उलटा चालवायचा. ओढणाऱ्या हातांची चाल किंचित चुकीची वाटते, पण नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही. तुम्हाला तेच हवंय.

मुंग्यांचं कारण अंधार. रात्री आठला शूट करूच नका. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटं आभाळ निळं असतं, तेवढ्यात उरका. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य जातो, म्हणजे पाचलाच सगळं मांडून तयार. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगछटेची सेटिंग) ३२०० केल्व्हिनवर ठेवा, आभाळ आणखी निळं होईल आणि कंदिलाची ज्योत पिवळी राहील. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. एका संध्याकाळी चारच्या वर शॉट होणार नाहीत, तीन संध्याकाळी धरून चाला.

धागाकर्ती

कृष्णाकाठ काका, माळरान दादा, मनापासून आभार. काल रात्री स्टोरीबोर्ड पुन्हा काढला. उतरतो म्हणणाऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्याने मुकाट्याने पिंप शोधायला घेतलं. शिवाय आता खरं पेव उघडतच नाही. गावातल्या एकांनी त्यांचं कायमचं बुजवलेलं पेव दाखवलंय, वर नुसतं दगडी तोंड शिल्लक आहे. त्यात दीड हातच जागा आहे, कंदील तेवढ्यातच सोडायचा. पहिलं आणि दुसरं पेव एकाच तोंडावर दोन बाजूंनी घेणार आहे.

आवाजाचंही ठरलं. संगीत नाही. कंदिलाच्या कडीची कुरकुर, दोर दगडावर घासल्याचा आवाज आणि लांबून उसाच्या ट्रॅक्टरची घरघर. कंदील विझला की कडीची कुरकुर थांबणार आणि ट्रॅक्टरही बंद. त्यानंतर बारा सेकंद काहीच नाही. मग खालून कडी वाजायला लागते, दोर कुणी ओढायच्या आधी.

अंगठा आज्जांचाच घेणार आहे. आता हात थरथरतो त्यांचा. काल दोर हातात दिला तर दोन बोटांत धरल्याबरोबर थरथर थांबली. मी मोबाईलवर घेऊन ठेवलंय, पण ते कॅमेऱ्यावर पुन्हा हवंय, खऱ्या उजेडात.

एकच गोष्ट अजून अडली आहे. आमच्याकडचा दोर नायलॉनचा आहे, ज्योतीजवळ चकाकतो आणि तापला तर वितळेल. सांगली, मिरज किंवा तासगावकडे कुणाकडे जुना काथ्याचा दोर असेल तर तीन संध्याकाळींपुरता मिळेल का? वीस फूट पुरे. न्यायला आणि परत द्यायला मी स्वतः येईन.