हमालीचा टॅगच नव्हता
भाऊ, एक्सएमएल फाइलमध्ये सेव्ह केलेला ऑब्जेक्ट दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडल्यावर काही आकडे शून्य का येतात, असं तुम्ही विचारलंय. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधला एक्सएमएल सीरियलायझर, म्हणजे ऑब्जेक्ट फाइलमध्ये उतरवणारा भाग, फक्त पब्लिक (क्लासबाहेरून दिसणारी) फील्ड आणि प्रॉपर्टी लिहितो. प्रायव्हेट गोष्टी गुपचूप सोडून देतो, एररही येत नाही; मग फाइल उघडल्यावर ते आकडे शून्य दिसतात. इथे नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्यासाठी संत्र्याच्या पावत्यांचा प्रोग्राम करताना माझ्या दोन रात्री यातच गेल्या. फाइलमध्ये वजन होतं, भाव होता, पण हमाली प्रायव्हेट ठेवल्यामुळे तिचा टॅगच (फाइलमधली नावाची खूण) नव्हता! म्हणून आधी फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघाच. क्लासला बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करणारा कोड) हवा. डिक्शनरी (नाव-किंमत जोड्यांचा संच) चालत नाही, लिस्ट वापरा. पावतीत शेतकरी आणि शेतकऱ्यात पुन्हा त्याच पावत्या असतील तर मात्र एरर येते. तिथे एका बाजूला एक्सएमएल-इग्नोर, म्हणजे ‘हे लिहू नको’ अशी खूण, लावा.