नुसतं ऐकून भागत नाही

एकाच रेडिओ चॅनलवर अनेक नोड (माहिती पाठवणारी छोटी वायरलेस यंत्रं) असले की त्यांचे संदेश एकमेकांवर आदळतात. त्यावर, पाठवण्याआधी प्रत्येक नोडने चॅनल मोकळा आहे का ते ऐकावं, म्हणजे टक्कर होणार नाही, असं सुचवलं जातं. ते हवंच, पण पुरेसं नाही. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पाण्याच्या टाक्यांवर 12 नोड आहेत, आणि त्या सगळ्यांचे संदेश घेणारा गेटवे मधल्या इमारतीत. टोकाच्या दोन इमारतींमधले नोड एकमेकांना ऐकूच शकत नाहीत. दोघांनाही चॅनल मोकळा वाटतो आणि संदेश गेटवेपाशी आदळतात.

खरा घोळ व्हायचा तो लाईट गेल्यावर. वीज आली की सगळे नोड एकदम सुरू व्हायचे आणि पुढे दर 5 मिनिटांनी एकाच क्षणी बोलायचे. वास्तविक 50 मिलिसेकंदांचे 12 संदेश म्हणजे 300 सेकंदांत जेमतेम 0.6 सेकंद! वेळा विखुरल्या तर हजारात चारेक संदेश आदळतील, बस्स. म्हणून सुरुवातीलाच 0 ते 300 सेकंदांचा रँडम विलंब टाकला, शिवाय प्रत्येक फेरीला थोडा. पोच आली नाही तर नव्या विलंबाने पुन्हा. आणि रँडमचं बीज (ज्या आकड्यापासून पुढचे रँडम आकडे तयार होतात तो) नोडच्या क्रमांकावरून घ्या हो, नाहीतर सगळ्यांना तोच आकडा मिळतो. आमचे दोन दिवस त्यातच गेले.

प्रत्येक नोडला बोलायची ठरावीक वेळ वाटून देणारी टीडीएमए पद्धत शेकडो नोड असतील तर जरूर वापरा. पण नोडची घड्याळं चालवणारे 20 पीपीएमचे (म्हणजे दहा लाखांत 20 इतकी चूक असणारे) दोन क्रिस्टल उलट दिशेने सरकले तर दिवसात साडेतीन सेकंदांचा फरक पडतो, तेव्हा गेटवेकडून घड्याळं वरचेवर जुळवून घ्यावी लागतील.