दीपप्रज्वलन ते प्रमाणपत्र: कॉलेजमधल्या राष्ट्रीय चर्चासत्रांचा साचा मोडायचा का?

नदीकाठ
मी तालुक्याच्या कॉलेजात भूगोल शिकवतो. येत्या हिवाळ्यात आमच्या विभागाकडे दोन दिवसांचं राष्ट्रीय चर्चासत्र आहे, विषय भूजल आणि पीकपद्धती. संयोजक मीच आहे आणि नेहमीचा साचा मला मोडायचा आहे. विरोध असेल तर तो आत्ताच कळलेला बरा, म्हणून इथे मांडतो.

साचा सगळ्यांना पाठ आहे. १०.३० चं उद्घाटन ११.३० ला. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, स्मरणिकेचं प्रकाशन, अध्यक्षीय मनोगत. मुख्य वक्त्याच्या तासाभराच्या बीजभाषणाला उरतात २५ मिनिटं. जेवणानंतर तीन वर्गांत समांतर सत्रं, प्रत्येक वर्गात १८-२० शोधनिबंध, एकेकाला पाच मिनिटं. स्वतःचं वाचून झालं की माणूस प्रमाणपत्राच्या टेबलाकडे निघतो आणि शेवटच्या निबंधाला समोर तिघे-चौघे उरतात.

अशाच एका वर्गात परभणीकडच्या एका शिक्षिकेने गावातल्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी मांडल्या. दर महिन्याला दोरी सोडून स्वतः मोजलेल्या, पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या. ऊस कोणत्या वर्षी वाढला आणि कोणती विहीर कधी आटली हे एका तक्त्यात शेजारी-शेजारी दिसत होतं. तक्ता पडद्यावर आला आणि सत्राध्यक्षांनी वेळ संपल्याची चिठ्ठी सरकवली. शेजारच्याच वर्गात एक निवृत्त भूवैज्ञानिक बसले होते, ज्यांची हयात याच कामात गेली. दोघांची गाठसुद्धा पडली नाही.

माझा प्रस्ताव असा. उद्घाटन २० मिनिटांत, बीजभाषण अर्ध्या तासात. निबंध १५ दिवस आधी सगळ्यांना पाठवायचे, तिथे वाचून दाखवायचे नाहीत. सहा-सहा जणांची टेबलं, एका निबंधाला ४० मिनिटं चर्चा. दुसऱ्या दिवसाची दुपार मोकळी ठेवायची: ज्याला ज्या प्रश्नावर बोलायचंय त्याने तो फलकावर लिहायचा, समोर वेळ आणि खोली टाकायची, रस असेल त्याने तिथे जायचं. ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत हॅरिसन ओवेन यांनी मोठ्या कष्टाने एक परिषद भरवली आणि लोक म्हणाले, सगळ्यात छान झाला तो मधला चहा. त्यावरून १९८५ मध्ये त्यांनी ‘ओपन स्पेस’ पद्धत सुरू केली. तिचा मुख्य नियम एकच: जिथे तुम्ही काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठून दुसरीकडे जा. पुण्या-मुंबईत सॉफ्टवेअरवाल्यांचे बारकॅम्प नावाचे मेळावे याच धर्तीवर भरायचे.

खडूफळा
साचा वाईट आहे हे मान्य, पण कात्री चुकीच्या जागी लागतेय. सत्कार कापा, परिचय कापा. बीजभाषण का कापता? तालुक्याच्या पोरांना त्या विषयात आयुष्य घातलेला माणूस वर्षातून एकदा प्रत्यक्ष ऐकायला मिळतो. एखादा युक्तिवाद तासभर कसा उलगडत जातो, पुरावा कुठे येतो, शंका कुठे येते, हे ऐकणं म्हणजेही शिकणंच. पुण्यात १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला चालते, ती लोकांना मनापासून ऐकायचं असतं म्हणूनच. आणि आधी पाठवलेले निबंध कोण वाचून येणार? न वाचलेले सहा जण एका टेबलावर बसले तर ४० मिनिटं नुसत्या ऐकीव गप्पा होतील.

आकडेमोड
खडूफळा सर, यावर संशोधन झालेलं आहे. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान-गणिताच्या कॉलेज वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात सुमारे ३४ टक्के मुलं नापास होत होती. मुलांना स्वतः बोलायला-सोडवायला लावणाऱ्या वर्गात हेच प्रमाण सुमारे २२ टक्के. २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत तर असं आढळलं की स्वतः काम करणारी मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. छान व्याख्यान ऐकलं की समजल्यासारखं वाटतं. म्हणून समारोपाला भरून घेतलेल्या अभिप्राय-फॉर्मवर मी तरी विसंबणार नाही.

खडूफळा
हे आकडे मीही वाचलेत. पण ते वर्गाचे आहेत. तिथे तीच मुलं, तोच शिक्षक, आठवड्याचा गृहपाठ, शेवटी परीक्षा. इथे दोन दिवसांसाठी आलेले अनोळखी लोक, निम्म्यांचं लक्ष परतीच्या एसटीकडे. तिथला निष्कर्ष उचलून इथे लावता येत नाही.

आयोजन_समिती
दोघंही पैशांवर बोलत नाही आहात. मी तीन विभागांच्या चर्चासत्रांचे हिशेब सांभाळलेत. मांडव, दोन वेळचं जेवण, पाहुण्यांचा प्रवास, स्मरणिकेची छपाई, सगळं निबंध वाचणाऱ्यांच्या नोंदणी शुल्कातून निघतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१० च्या नियमावलीत पदोन्नतीसाठी निबंधवाचनाला गुण मिळाले आणि तेव्हापासून निबंधांचा पूर आला. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालातही किती चर्चासत्रं घेतली हे दाखवावं लागतं. टेबलं मांडायची तर निबंध वीस-पंचवीसच घेता येतील. बाकीचा खर्च कोण उचलणार? आणि प्रमाणपत्रावर ‘सादर केला’ असं लिहिलं नाही तर ते तपासणीत चालत नाही.

नदीकाठ
टेबलावर पाच जणांपुढे मांडणं हेही सादरीकरणच आहे, टेबलप्रमुखाची सही घेऊन तसं प्रमाणपत्र देऊ. खर्चाचं बोलायचं तर मांडव नको, आमचं ग्रंथालय दोन दिवस रिकामं करून मिळतंय. स्मरणिका नको, निबंध मोबाइलवर जातील. पन्नास माणसांचं जेवण आमच्याच गावातला बचत गट करतो. मला दीडशे माणसं नकोतच.

पहिल्या_बाकावर
मी पीएचडी करते. एवढा वेळ बोलायचं कसं यावर वाद चाललाय, बोलणार कोण हे कुणी विचारलंच नाही. २०१८ मध्ये १० देशांतल्या २४७ शैक्षणिक व्याख्यानांचं निरीक्षण प्रसिद्ध झालं. बायका पुरुषांपेक्षा पुष्कळ कमी प्रश्न विचारत होत्या. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला असेल तर पुढेही बायकांचे प्रश्न आणखी कमी येत होते.

नदीकाठ सर, तुमच्यासारखीच टेबलं मी एका परिषदेत पाहिली आहेत. आमच्या टेबलावर एक विभागप्रमुख आणि त्यांच्याच कॉलेजचे दोन प्राध्यापक होते. पहिली पंचवीस मिनिटं विभागप्रमुख बोलले, दोघे मान डोलवत राहिले, आणि माझ्यापुढे वही सरकवून ‘मॅडम, तुम्ही मुद्दे लिहून घ्या’ असं सांगण्यात आलं. शेवटी सादरीकरण त्यांनीच केलं, माझ्या वहीतून. त्यापेक्षा खडूफळा सरांचं तासाचं भाषण बरं, निदान माझ्या डोक्यात विचार तरी माझे राहतात. ‘उठून दुसरीकडे जा’ हा नियमही ज्याला उठण्याची भीती नाही त्याच्यासाठीच आहे. गाइड समोर बसलेले असताना मी उठून जाईन का?

तेव्हा टेबलं हवीत, पण कोण कुठे बसेल ते तुम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवा. जर्मनीत ओबरवोल्फाखला गणिताची जगप्रसिद्ध संस्था आहे, तिथे आठवडाभर पन्नासेक गणितज्ञ एकत्र राहतात. प्रत्येक जेवणाआधी तिथले कर्मचारी नावं घातलेले नॅपकिन वेगवेगळ्या टेबलांवर मांडतात. जिथे आपलं नॅपकिन, तिथे बसायचं. नुकता पीएचडीला लागलेला मुलगा अशा वेळी सहज एखाद्या मोठ्या गणितज्ञाच्या शेजारी येतो आणि निमूटपणे वरण वाढून घेण्याऐवजी कामाचं बोलतो. आपल्याकडे पंगतीत पाहुण्यांची रांग वेगळी असते आणि विद्यार्थी वाढप्यांमध्ये असतात. ते आधी बदला.

आणि टेबलावर मराठी चालेल हे निमंत्रणपत्रिकेतच छापा. विहिरी मोजणाऱ्या त्या बाईंना इंग्रजीत वाचावं लागलं असणार.

खडूफळा
पहिल्या_बाकावर यांचा मुद्दा मला पटला. पण प्राचार्य, संस्थेचे सचिव, विद्यापीठातून आलेले पाहुणे चिठ्ठीत येईल त्या टेबलावर बसतील असं नदीकाठ यांना खरंच वाटतं का? पुढच्या वर्षीची परवानगी त्यांच्याच सहीने मिळते.

नदीकाठ
प्राचार्यांशी आज बोललो. सत्कार पहिल्या संध्याकाळी जेवणाआधी होतील, सगळ्यांसमोर, नीट वेळ देऊन. ते या अटीवर चिठ्ठीला तयार आहेत. बीजभाषण पूर्ण ५० मिनिटं ठेवतो, सकाळी पहिलंच. त्यानंतर पाच मिनिटं शेजारच्याशी बोलायचं आणि मग प्रश्न, पहिला प्रश्न विद्यार्थिनीचा. टेबलावर ज्याचा निबंध तो पहिली दहा मिनिटं बोलेल, मुद्दे लिहून घेण्याचं काम टेबलावरच्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाकडे. मोकळी दुपार मात्र मी सोडणार नाही, आणि निबंध वाचून दाखवणं परत आणणार नाही.

खडूफळा
ज्येष्ठांनी लिहून घ्यायचं हे उत्तम, मी स्वतः तुमच्याकडे येऊन ते काम करीन. पण निबंधवाचनावर माझं मत बदललेलं नाही. आमच्या भागातल्या कित्येक शिक्षकांसाठी ते आयुष्यातलं पहिलं व्यासपीठ असतं. माइकसमोर उभं राहायचं, शंभर माणसांना आपलं काम सांगायचं, समोरच्या रांगेत आपलेच विद्यार्थी बसलेले. कोपऱ्यातल्या टेबलावर पाच जणांना सांगून हे मिळत नाही. मोजकेच चार निबंध निवडा, पण त्यांना मुख्य सभागृहात २० मिनिटं द्या. परभणीकडच्या त्या बाईंना बोलावणार असाल तर पहिला निबंध त्यांचा ठेवा, तक्ता पडद्यावर मोठा दिसू दे, आणि त्या भूवैज्ञानिकांना त्या सत्राचं अध्यक्ष करा. टेबलं त्यानंतर मांडा.