बेझेराच्या आधीचा मोरिओन्दो

एस्प्रेसोचं, म्हणजे यंत्रात दाबानं झटपट काढलेल्या कडक कॉफीचं, श्रेय सहसा इटलीतल्या मिलानच्या लुइजी बेझेराला (१९०१) दिलं जातं, त्यात थोडी भर. त्याच्या १७ वर्षं आधी, मे १८८४ मध्ये, तुरीनच्या आंजेलो मोरिओन्दोनं वाफेवर झटपट कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. त्याच वर्षीच्या तुरीनच्या मोठ्या प्रदर्शनात यंत्राला कांस्यपदकही मिळालं.

मोरिओन्दो हा मुळात हॉटेलवाला. शहरात त्याचं ग्रँड हॉटेल लिगुरे आणि अमेरिकन बार होता, त्यामुळे कॉफीसाठी ताटकळणारं गिऱ्हाईक तो रोज बघत असणार. त्याच्या यंत्रात मोठा बॉयलर हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण दीडपट दाबानं गरम पाणी कॉफीच्या पुडीतून ढकलायचा, आणि वाफेचा प्रवाह वेगळा नियंत्रित व्हायचा. मला खरी कमाल या दुसऱ्या भागाची वाटते. पाणी आणि वाफ वेगवेगळी हाताळायचा विचार त्या काळात फार पुढचा होता.

मात्र ते यंत्र एका वेळी बरीच कॉफी काढायचं. एकेका कपापुरती ताजी कॉफी ही बेझेराची करामत, ते श्रेय त्याचंच. पुढे देसिदेरिओ पावोनी या उद्योजकानं बेझेराचं पेटंट विकत घेऊन यंत्रं बाजारात आणली. मोरिओन्दोनं मात्र आपलं यंत्र स्वतःच्या धंद्यापुरतंच ठेवलं, मोठ्या प्रमाणावर विकलं नाही. म्हणूनच तो विस्मरणात गेला असावा, आणि याची मला मनापासून हळहळ वाटते.

बाकी आज दिसणारा दाट सोनेरी फेस या दोघांच्याही कॉफीवर नव्हता. तो आकिले गाज्जिया या इटालियन माणसाच्या दट्ट्याच्या यंत्रांपासून, म्हणजे १९४० च्या दशकात आला.